गळाचा मासा आणि ताटातला मासा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका भावाने उठून प्रश्न विचारला होता. त्याच्या शेततळ्यात रोहू, कतला, मृगळ सोडले आहेत. शहरातून चार माणसे आली. म्हणाली, दिवसभर गळ टाकून बसू द्या, बसण्याचे पैसे देतो, मासा लागला की फोटो काढून परत पाण्यात सोडू. भावाने विचारले, सोडूनच द्यायचा तर पकडायचा कशाला? सभा हसली. आम्हीही हसलो. उत्तर मात्र कुणी दिले नाही, आणि तो भाऊ आजही पुढच्याच रांगेत बसला आहे.

मधल्या काळात आम्ही दुसऱ्या कामाने सिंधुदुर्गात जाऊन आलो. मालवणला दोन दिवस होतो. म्हटले, माशाचा प्रश्न आहे तर मासेवाल्यांनाच विचारू.

तिथे रापण पाहिली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धगोल फिरते, दोन्ही टोके वाळूवर येतात आणि दोन बाजूंनी माणसे ती ओढतात. हे जाळे एकट्या मालकाचे नसते. अनेक घरांचे तुकडे जोडून ते होते. ज्याचे जाळे, ज्याची होडी, ज्याचे अंगबळ, त्याप्रमाणे वाटा. वाटेने जाणाऱ्याने दोरीला हात लावला तर त्याच्याही पदरात चार बांगडे पडतात. आणि जाळे रिकामे आले तर? सगळ्यांचा वाटा रिकामा. पाऊस न आलेल्या वर्षी आपल्या बोंडात काय असते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

गळ टाकणारे त्या गावातही आहेत. मालवणीत गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. खाडीच्या कडेला बसायचे, तांबोशी किंवा चोणक गरवायचा, संध्याकाळी घरी कालवण. आता मुंबई-पुण्याचे हौशी लोकही येतात. त्यांच्याकडे भारी काठी, चक्री, परदेशी दोरा. मोठा मासा लागला की अर्धा तास झुंज, फोटो, आणि मासा परत पाण्यात. त्यांना होडीतून नेणारा पोरगा रापणकराच्याच घरातला. मासा लागो न लागो, त्याला होडीचे भाडे मिळते. बापाचा वाटा दर्यावर, पोराचा वाटा पाहुण्यावर. आम्ही विचारले, यात वाईट काय? म्हणाले, वाईट काही नाही, फक्त उद्या कुणी असे म्हणू नये की पाहुण्याच्या खेळासाठी तुमची रापण बंद करा.

ही भीती हवेतली नाही. 1987 साली मालवणचा सुमारे 29 चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला तो याच भीतीने. मासा राखायला त्यांची ना नव्हती. राखण्याचा निर्णय त्यांना न विचारता झाला, ही तक्रार होती.

आता खेळाचा हिशेब मांडू. हुरड्याचे उदाहरण घ्या. ज्वारी बाजारात क्विंटलने विकली तर काय हाती लागते ते आपण जाणतो. तीच ज्वारी कोवळी असताना आगटीत भाजून, चटणी-गुळासोबत शहरी पाहुण्याला बांधावर बसून खाऊ घातली, तर तो ताटाचे पैसे देतो. दाणा तोच. गळाच्या माशाचेही तसेच, उलट एक पाऊल पुढे. हुरडा एकदाच खाल्ला जातो. सोडलेला मासा पुन्हा लागतो, पुन्हा त्याचे पैसे येतात. इंग्लंडमध्ये 1952 साली रिचर्ड वॉकर नावाच्या माणसाने रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा, म्हणजे 20 किलोचा कार्प पकडला. तो कुणी खाल्ला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवला, लोक बघायला जात. आज तिथे नुसत्या गळवाल्यांसाठी ठेवलेली तळी आहेत, आणि मोठ्या कार्पांना माणसांसारखी नावे आहेत.

पण कार्प म्हणजे आपल्या रोहू-कतलाच्याच कुळातला मासा, आणि पोलंड, चेक देशांत तो नाताळच्या जेवणाचा मासा. तिकडे ट्रेबोन गावाजवळ सोळाव्या शतकात मोठमोठे तलाव बांधले ते कार्प पिकवण्यासाठीच. शरदात तलावाचे पाणी उतरवतात आणि जाळ्याने पीक काढतात. (आपल्या सिंधुदुर्गातला धामापूरचा तलावही त्याच शतकातला, 1530 चा.) 2004 नंतर हे लोक कामासाठी इंग्लंडात गेले, गळाला लागलेला कार्प सवयीने घरी नेऊन शिजवला, आणि भांडण पेटले. इंग्रज म्हणाला, हे चोर. पाहुणा म्हणाला, मासा खायचा नाही तर काय पूजायचा? तळे खाजगी असेल तर मालकाचा नियम चालणार, त्यात वाद नाही. पण खाणारा माणूस रानटी आणि खेळणारा दयाळू, हे आम्हाला पटत नाही. जर्मनीत तर कायद्याचा रोख उलटा आहे. खायचा नसताना केवळ मजेसाठी माशाला गळावर झुंजवणे ही तिथे क्रूरता मानतात. तेव्हा दया कुठल्या बाजूला आहे, हे देशागणिक बदलते.

आपल्याकडे हा खेळ साहेबाने आणला. 1873 साली एच. एस. थॉमस या कलेक्टराने हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिले. त्यात मोठा मान महसीरचा. तोही याच कुळातला. साहेबाचा गळ म्हणजे मर्दानी खेळ आणि गावकऱ्याचे जाळे म्हणजे नासाडी, अशी ती नजर. पण खरे तेही सांगितले पाहिजे. 1897 च्या कायद्याने सुरुंगाने आणि विष घालून मासे मारायला बंदी घातली, ती योग्यच होती. डोहात विष घालणारा गावकरी आपल्याच पोराच्या ताटातले काढून घेतो.

खाणाऱ्याचीही चूक असते, आणि ती कोकणातच दिसली. मृगाचा पाऊस पडला की ओढ्या-वहाळांतून गोड्या पाण्याचे मासे अंडी घालायला वर चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. मळये, शेंगटी, असे अनेक. रात्री बत्त्या घेऊन अख्खा गाव वहाळावर. कालवण फार चवदार लागते, आम्ही नाकारत नाही. पण पोटात अंडी असलेला मासा खाणे म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाणे दळून खाणे. समुद्रात जून-जुलैला यांत्रिक होड्या बंद असतात. वहाळावर कोण विचारतो? जुनी माणसे म्हणतात, पूर्वी काही चढू द्यायचे, काही धरायचे.

आपल्या तळ्यात हा प्रश्न येत नाही, त्याचे कारण वेगळे आहे. रोहू, कतला, मृगळ हे मूळ गंगेच्या खोऱ्यातले. पुराच्या वाहत्या पाण्याशिवाय ते वीण देत नाहीत, साचल्या तळ्यात नाहीच. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन त्यांची वीण घडवली. म्हणून आज तुम्हाला बोटुकली विकत मिळते. म्हणजे शेततळ्यातला मासा हे पीक आहे. बियाणे विकतचे, पेंड-कोंडा विकतचा, पाणी तुमचे. ते पीक कुणाला आणि कसे विकायचे, हे तुम्ही ठरवायचे.

गावतलावाची गोष्ट निराळी. तिथे भोई, ढीवर बांधवांच्या संस्थेचा ठेका असतो, त्यांची चूल त्यावर पेटते. तो तलाव हौशी मंडळाला द्या असे कुणी सुचवले, तर आम्ही पहिले विरोधात उभे राहू.

आता त्या भावाला आमचे उत्तर. गळवाल्यांना बसू दे, पण पैसे माणशी दिवसाचे घे. मासा लागला तर, असा सौदा नको. उलटा काटा नसलेला गळ वापरायला सांग. मासा ओल्या हाताने धरायचा, कोरड्या मातीवर टाकायचा नाही. अंगावरचा चिकट थर निघाला की त्याला बुरशी लागते. आणि हा खेळ फक्त थंडीत. ऊन तापले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, झुंजून दमलेला मासा सोडला तरी दुसऱ्या दिवशी उलटा तरंगतो. फोटो त्यांचा, नुकसान तुझे.

भाऊ म्हणतो, डिसेंबर-जानेवारी त्यांना देतो. होळीनंतर पाणी उतरले की जाळे टाकून सगळे काढतो, बाजारात नेतो, आणि त्या दिवशी त्या चौघांनाही रस्सा-भाकरी खायला बोलावतो. ते येतात का, हे पुढच्या बैठकीत कळेल.