तांबूस अंड्याची कोंबडी



आज आपल्याला कोंबडीविषयी बोलायचे आहे. हसू नका. कोंबडी जीव लहान, पण घरातला मीठमिरचीचा खर्च ती भागवते, आणि कधी कधी घरातले भांडणही तीच लावते. म्हणून कोंबडी घ्यायची ती विचार करून घ्यावी.

बायाबापड्या आम्हाला विचारतात, "गुरुजी, तांबूस अंड्याची कोंबडी कोणती?" प्रश्न खरा आहे. बाजारात पांढऱ्या अंड्यापेक्षा तांबूस अंड्याला भाव जास्त मिळतो. गिऱ्हाईक म्हणते, हे गावरान, हे ताकदीचे. तेव्हा आधी या रंगाचे गुपित समजून घेऊ.

कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला एक दिवस आणि वर थोडा वेळ लागतो. त्यातले सुमारे वीस तास टरफल चढण्यात जातात. रंग येतो तो बहुतेक शेवटच्या काही तासांत. घर बांधून झाल्यावर भिंतीला गेरू लावावा, तसे हे काम आहे. तांबूस अंडे फोडा आणि टरफल आतून बघा. बाहेरच्यापेक्षा आत रंग फिकट दिसेल.

हा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. कोंबडीला गूळ चारा, नाहीतर नाचणी चारा. पांढरे अंडे देणारी जात पांढरेच अंडे देणार. परदेशात फ्रान्समध्ये मारान्स नावाचे गाव आहे. तिथल्या कोंबडीचे अंडे चॉकलेटसारखे गडद असते. तोही जातीचाच गुण. आपल्या परसातली गावरान कोंबडी फिकट तांबूस किंवा बदामी अंडे देते.

आता ताकदीचे बघू. टरफलाच्या रंगावर ताकद ठरत नाही. पांढरे असो, तांबूस असो, सारख्या वजनाच्या अंड्यात पोषण जवळजवळ सारखेच. आतला बलक पिवळाधमक दिसतो, तो चाऱ्यामुळे. कोंबडी हिरवा पाला, घास, पिवळा मका खाईल, तर बलक पिवळा होईल. म्हणजे टरफल जातीचे आणि बलक चाऱ्याचा. एवढे वाक्य पाठ करून ठेवा.

आता जाती बघू.

गावरान कोंबडी चपळ असते. घार दिसली की पिल्लांना पंखाखाली घेते. स्वतःचे दाणे स्वतः शोधते. खुडूक बसते आणि एकवीस दिवसांत पिल्ले काढते. पण अंडी थोडी देते. वर्षाला साधारण 40 ते 80, आणि तीही आकाराने लहान.

लेगहॉर्न ही मूळची इटलीकडची पांढरी कोंबडी. वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. पण अंडे पांढरे, आणि तिला विकतचे खाद्य मोजून द्यावे लागते. परसात नुसते चरून तिचे भागत नाही.

ग्रामप्रिया आणि वनराजा या दोन जाती हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी तयार केल्या. दोन्हींची अंडी तांबूस. ग्रामप्रिया अंड्यांसाठी चांगली. परसात वर्षाला सुमारे 160 ते 180 अंडी देते. वनराजा अंगाने भारी असते. तिची अंडी कमी, साधारण 100 ते 120, पण कोंबडे वजनाला चांगले भरतात. मात्र या दोन्ही जाती सहसा खुडूक बसत नाहीत. शिवाय त्या संकरित आहेत. त्यांची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवली, तरी पिल्ले आईसारखीच निघतील असा भरवसा नाही.

रोड आयलंड रेड ही अमेरिकेची लाल कोंबडी. तिचेही अंडे तांबूस असते.

राहिली कडकनाथ. ती मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली. पिसे काळी, कातडी काळी, मांसही काळे. तिच्या मांसाला 2018 साली झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. पण एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. कडकनाथचे अंडे काळे नसते. ते फिकट तांबूसच असते. मोबाइलवर काळ्या अंड्यांची चित्रे फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. अंडीही वर्षाला शंभराच्या आतबाहेर.

2019 साली सांगली-कोल्हापूरकडे काय झाले, ते पुष्कळांना आठवत असेल. कडकनाथची पिल्ले घ्या, अंडी आणि पक्षी आम्ही चढ्या भावाने परत घेऊ, असे सांगून लोकांकडून पैसे घेतले गेले. पुढे घेणारा आलाच नाही. हजारो शेतकरी फसले. यात कोंबडीचा काय दोष? कोंबडी चांगली होती, बोली खोटी होती. म्हणून जो पिल्लू विकतो त्याच्याच तोंडून भाव ऐकू नये. आपल्या आठवडे बाजारात जाऊन स्वतः विचारावा.

मग घ्यावी कोणती? मंडळी, याचे उत्तर बाजारात नाही, ते तुमच्या घरात आहे. आमच्या घरी काय झाले ते सांगतो.

कोंबड्या घ्यायच्या ठरल्या, तेव्हा प्रत्येकाचे मत निराळे निघाले. सूनबाई म्हणाल्या, "तांबूस अंड्याची हवी, बाजारात गिऱ्हाईक थांबतं." आमचे कुटुंब म्हणाले, "खुडूक बसणारी हवी. विकतची पिल्लं किती वेळा आणायची?" नातवाला कडकनाथ हवी, कारण ती काळी. आमच्या मातोश्री माळकरी. त्या म्हणाल्या, "काय पाळायचं ते पाळा, पण खुराडं तुळशीपासून लांब असू द्या, आणि अंड्याचं भांडं निराळं ठेवा."

आम्ही सगळ्यांना ओसरीवर बसवले. शाळेत करीत होतो तसे एकेकाला बोलू दिले. मग विचारले, सकाळी खुराडे कोण उघडणार? संध्याकाळी मोजून कोण बंद करणार? पाणी कोण बदलणार? तेव्हा कळले, की सगळ्यात जास्त काम सूनबाईंवर पडणार. मग ठरवले, की ज्याचे हात राबणार, त्याच्या शब्दाला वजन.

शेवटी सहा ग्रामप्रिया तलंगा आणल्या, आणि दोन गावरान कोंबड्या व एक कोंबडा ठेवला. ग्रामप्रिया अंड्यांसाठी. गावरान पिल्लांसाठी. मातोश्रींच्या म्हणण्याप्रमाणे खुराडे मागच्या परसात बांधले. नातवाला कडकनाथ मिळाली नाही, पण संध्याकाळी मोजायचे काम मिळाले. एक कमी भरली तर तो जेवायला बसत नाही. खुराडे साफ करण्याचे काम आम्ही घेतले. कोंबडीची घाण बाईमाणसानेच काढावी, असे कोणत्या पोथीत लिहिले आहे? ते खत कुजवून आम्ही वांग्यांना घालतो.

आणखी एक नियम केला. पाहुणा कितीही मोठा असो, सूनबाईंना विचारल्याशिवाय कोंबडीच्या मानेवर सुरी ठेवायची नाही. पुष्कळ घरांत बाई वर्षभर कोंबडी सांभाळते, आणि पाहुणा आला की गडी ती उचलून कापतो. बाई बोलत नाही, पण तिचे मन मोडते. पुढच्या वर्षी ती पाळतच नाही.

आता हिशेब करू. तुम्ही नवे नवे लिहायला शिकला आहात, तेव्हा वही काढा. सहा ग्रामप्रिया, प्रत्येकीची 160 अंडी धरा. झाली 960. दोन गावरान, प्रत्येकीची 60 धरा. झाली 120. एकूण 1080. त्यातली 20 पिल्लांसाठी बाजूला ठेवा. राहिली 1060. घरात दोन मुले. रोज प्रत्येकी एक अंडे, म्हणजे वर्षाची 730. मग विकायला उरली 330. उन्हाळ्यात अंडी घटतात, म्हणून महिन्याचा मेळ सारखा बसणार नाही. पण वर्षाचा अंदाज हा असा.

आमच्या मनातली खरी गोष्ट आता सांगतो. तांबूस अंड्याला भाव येतो, म्हणून काही घरांत एकूण एक अंडे बाजारात जाते. पोर दारात उभे राहून टोपलीकडे बघते, आणि त्याच्या ताटात नुसती भाकरी-चटणी. मग पैसा आला, पण त्यातून पोराच्या अंगी काय लागले? एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या मुलाला ती हवीत. म्हणून आधी घरचा वाटा काढा. गडद अंडी टोपलीत घाला, फिकट अंडी घरात ठेवा. गिऱ्हाईक रंगाला पैसे देते, देऊ द्या. पोराला दोन्हीत सारखेच मिळते.

आणि अंड्याचा पैसा जिने कमावला, तिच्या हाती राहू द्या. ती त्याची दारू आणणार नाही. वही आणील, औषध आणील, नाहीतर आणखी दोन पिल्ले आणील.

आता चार गोष्टी देखभालीच्या. तांबूस अंड्याचा रंग एकाएकी उतरला, तर लक्ष द्या. कोंबडी वयाने वाढली की रंग थोडा फिकट होतोच. पण ऊन फार झाले, कोंबडी घाबरली, किंवा रोग शिरला, तरीही रंग उतरतो. मानमोडीचा रोग खुराडेच्या खुराडे ओस पाडतो. त्याला राणीखेत असेही म्हणतात. रोग आल्यावर उपाय नाही, आधी लस आहे. गुरांच्या सरकारी दवाखान्यात विचारून लस टोचून घ्या. टरफल पातळ येत असेल, तर शिंपल्यांचा चुरा खायला ठेवा. मुंगूस आणि रानमांजर यांच्यासाठी खुराड्याला पक्के दार करा. शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्याला काटेरी कुंपण आपणच घालून द्या. कोंबड्या आपल्या, उकरणेही आपलेच.

पिल्ले ओळखीच्या जागेहून घ्या. पुण्याजवळ खडकीला, तसेच कोल्हापूर आणि नागपूर येथे सरकारची अंडी उबवणी केंद्रे आहेत. कोणती पिल्ले केव्हा मिळतील, ते आधी विचारून मगच जा.

तर आज रात्री जेवणे झाली, की घरातली सगळी माणसे एकत्र बसवा. सासूला विचारा, सुनेला विचारा, पोरांनाही विचारा. कोंबडी कोणती, काम कोणाचे, अंडी कोणाला, पैसा कोणाकडे, हे चार प्रश्न वहीवर लिहा. त्यांच्यासमोर उत्तरे लिहा. चारही उत्तरे सगळ्यांना पटली, की मग बाजाराची वाट धरा.