कातडीखालचा पास

सकाळीं आठाच्या सुमारास डोंबिवली स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. एका हातांत डब्याची पिशवी असते, दुसरा हात गाडीच्या दांड्यासाठीं मोकळा ठेवावा लागतो. आणि अशा वेळीं तिकीट-तपासनीस समोर उभा राहिला म्हणजे खिशांतला पास किंवा मोबाईल काढतांना जी तारांबळ उडते, ती ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक प्रवाशास ठाऊक आहे. अशा प्रवाशास कोणी म्हणालें कीं, "तुमचा पास तुमच्या हाताच्या कातडीखालींच बसवून देतों, तो हरवावयाचा नाहीं, भिजावयाचा नाहीं, घरीं विसरावयाचा नाहीं," तर तो क्षणभर मोहांत पडल्यावाचून राहणार नाहीं.

ही केवळ कविकल्पना नव्हे. स्वीडन देशाच्या सरकारी रेल्वेनें २०१७ सालीं, ज्यांनीं हातांत मायक्रोचिप बसवून घेतली होती अशा प्रवाशांची ती चिपच तिकीट म्हणून मान्य करण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं १ ऑगस्टला अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत एका कंपनीच्या सुमारें पन्नास नोकरांनीं आपल्या हातांत अशी चिप टोचून घेतली. कचेरीचें दार उघडावें आणि फराळाच्या जिनसांचे पैसे चुकते व्हावे, एवढाच तिचा उपयोग होता. त्यापूर्वीं, २४ ऑगस्ट १९९८ रोजीं, इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक केव्हिन वॉरविक यांनीं आपल्या दंडांत चिप बसवून घेऊन हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला होता.

ही वस्तु आहे तरी कशी? तांदळाच्या दाण्याहून किंचित् मोठी, सुमारें १२ मिलिमीटर लांब व २ मिलिमीटर जाड अशी ती एक कांचेची कुपी असते. तिच्या पोटांत तांब्याच्या तारेचें लहानसें वेटोळें आणि एक क्रमांक सांठविलेला सूक्ष्म तुकडा असतो. तिला स्वतःची वीज नसते. वाचणारें यंत्र जवळ आणलें म्हणजे त्यांतून निघणाऱ्या विद्युल्लहरींच्या जोरावर ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हां झोपी जाते. ज्या लहरींवरून हें भाषण श्रोत्यांच्या कानीं पडत आहे, त्यांच्याच जातीच्या त्या लहरी होत. परंतु हें भाषण कोसच्या कोस जातें, आणि त्या चिपेचा आवाज बहुधा वीतभरही पोंचत नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

या चिपेच्या बाजूनें जें म्हटलें जातें, त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. कल्याण हें मोठें जंक्शन आहे. कर्जत व कसारा या दोन्ही वाटा तेथें मिळतात आणि दूरदेशींच्या गाड्याही तेथून जातात. विस्मरणाचा विकार जडलेला एखादा वृद्ध घरांतून निघतो, गर्दीच्या ओघाबरोबर गाडींत चढतो, आणि आपलें नांव काय व घर कोठें हें त्याला सांगतां येत नाहीं. रुळांवर अपघात होऊन ज्यांचा प्राण जातो, त्यांतील कित्येकांची ओळखही पटत नाहीं. अशा बेवारस मृतांचें वर्णन लोहमार्ग पोलीस प्रसिद्ध करतात, त्यांत वय, बांधा, कपड्यांचा रंग हीं सांगितल्यावर पुष्कळदां एक ओळ असते: अमुक हातावर अमुक नांव गोंदलेलें. सर्व कागद हरपले, तरी कातडीवरचीं तीं दोन अक्षरें मागें राहतात व माणसाला त्याच्या माणसांकडे पोंचवितात. बेशुद्ध रोग्याचा आजार कोणता, त्याला कोणतें औषध सोसत नाहीं, हेंही याच रीतीनें डॉक्टरांस कळावें, या हेतूनें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २००४ सालीं अशा एका चिपेस संमति दिली होती.

मग अडचण कोठें आहे? पहिली अडचण अशी कीं, लोकांस जें हवें असतें तें ही चिप देतच नाहीं. हरवलेला माणूस कोठें आहे हें तिच्यावरून कळतें, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु जिचा आवाज वीतभरही पोंचत नाहीं, ती कल्याणच्या पुलावरून डोंबिवलीच्या घरीं काय कळविणार? माणूस आधीं कोणाला तरी सांपडावा लागतो, आणि सांपडविणाऱ्याजवळ तें विवक्षित यंत्र असावें लागतें. उलट, गळ्यांत घातलेल्या साध्या पदकावर क्यूआर खूण छापलेली असली, तर ती कोणत्याही शिपायाच्या मोबाईलवर वाचतां येते. २०२३ सालीं मुंबईंत हरवलेला एक गतिमंद मुलगा अशा पदकावरूनच आपल्या घरीं पोंचला. जें काम दोऱ्यांत ओंवलेल्या पदकानें होतें, त्यासाठीं सुई कशाला?

दुसरी अडचण चिपेच्या स्वभावांतच आहे. साध्या चिपेजवळ यंत्र नेलें कीं, मालकाची परवानगी न विचारतां ती बोलूं लागते. तिच्यावरचा क्रमांक चोरून दुसरीवर उतरवितां येतो. पास जुना झाला तर नवा काढतां येतो, पण चिप जुनी झाली तर कातडी चिरावी लागते. प्रयोगशाळेंतील कांहीं उंदरांस चिपेच्या भोंवतीं गांठी आल्याचीं वृत्तें २००७ सालीं प्रसिद्ध झालीं. माणसास तसें होतेंच असें त्यावरून सिद्ध होत नाहीं, पण लोकांचा विश्वास मात्र डळमळला. ज्या वैद्यकीय चिपेस २००४ सालीं संमति मिळाली होती, तिची विक्री २०१० सालीं थांबली.

येथें कोणी विचारील कीं, हृदयाचे ठोके सांभाळणारा पेसमेकर १९५८ सालापासून माणसांच्या शरीरांत बसविला जात आहे; तो चालतो, मग चिपेचाच विटाळ कां? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, पेसमेकर ज्याच्या छातींत असतो त्याचीच चाकरी करतो. केवळ ओळख सांगणारी चिप शरीराची कोणतीही सेवा करीत नाहीं. ती दुसऱ्याला बातमी देते. वस्तु शरीरांत शिरली कीं बाहेर राहिली, यापेक्षां ती चाकर कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

माणसाच्या अंगावर खूण करण्याची चाल नवी नाहीं. ठाणें जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून हातांवर व कपाळावर गोंदण असलेल्या वृद्ध स्त्रिया अजूनही भेटतात. मेल्यावर बरोबर येतें तें गोंदणच, अशी त्यांची श्रद्धा. त्या गोंदणांत मायेचें नांव होतें, देवाची खूण होती. परंतु याच देशांत बंगाल व मद्रास इलाख्यांत कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याची शिक्षा होती, आणि ती १८४९ सालीं बंद झाली. पुढें १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून नोंदवहींत घातल्या, त्यांच्यामागें हजेरीचें शुक्लकाष्ठ लावलें; तो कायदा जाण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. युरोपांत ऑशविट्झच्या छळछावणींत बंद्यांच्या हातावर क्रमांक गोंदले गेले. सुई तीच, शाईही तीच. फरक इतकाच कीं, एका ठिकाणीं माणसानें हात पुढें केला आणि दुसऱ्या ठिकाणीं तो धरून ओढला गेला.

हात पुढें करणें आणि हात ओढला जाणें यांतील अंतर दिसतें तितकें मोठें नाहीं. ठाण्याच्या वागळे इस्टेटींत किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत रोजंदारीवर जाणाऱ्या कामगाराची कल्पना करावी. उद्यां एखाद्या मालकानें म्हटलें कीं, चिप घेणें ऐच्छिक आहे. पण जे घेतील त्यांची हजेरी ताबडतोब लागेल, बाकीच्यांनीं रांगेंत उभें राहावें. कष्टानें बोटांच्या रेषा झिजलेल्या त्या कामगाराचा अंगठा आधींच यंत्रावर उमटत नाहीं, आणि अर्धा दिवस बुडाला तर घरीं चूल अडते. तो 'होय' म्हणेल. पण त्या होकाराला राजीखुशी म्हणतां येईल काय? हा धोका ओळखूनच विस्कॉन्सिन संस्थानानें, त्या पन्नास नोकरांनीं चिप टोचून घेण्याच्या अकरा वर्षें आधीं, म्हणजे २००६ सालीं, कोणासही सक्तीनें चिप बसविण्यास कायद्यानें मनाई केली होती.

आपल्याकडे आधार क्रमांक देण्यास २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं प्रारंभ झाला. त्यावरून उठलेल्या वादांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. बोटांचे ठसे घेण्यावरून ज्या देशांत एवढा विचार झाला, तेथें कातडीच्या आंत शिरणाऱ्या वस्तूचा विचार त्याहून अधिक काळजीनें व्हावा, हें सांगावयास नको.

म्हणून या वस्तूस सरसकट नकार देण्याचें कारण नाहीं, आणि भुलून जाण्याचेंही नाहीं. तीन प्रश्न विचारावे. ही खूण माणसाला स्वतःच्या इच्छेनें उतरवून ठेवतां येते काय? ती नाकारल्यास त्याची भाकरी, औषध किंवा प्रवास अडतो काय? आणि तिच्यावरून भरली जाणारी नोंदवही कोणाच्या कपाटांत राहणार? जो वृद्ध या प्रश्नांचीं उत्तरें स्वतः देऊं शकत नाहीं, त्याच्या वतीनें घरच्यांनीं अधिकच जपून विचार करावा. कारण त्याचा होकार त्यांना गृहीत धरावा लागतो. दिवसाचे काम संपवून डोंबिवलीस उतरलेला माणूस घरीं आल्यावर पास खुंटीच्या पिशवींत ठेवतो आणि पाय धुतो. त्या क्षणापासून सकाळपर्यंत तो कोणाचा प्रवासी नसतो, कोणाचा नोकर नसतो. आपल्या घरचा माणूस असतो. पास खुंटीला लावून ठेवण्याची ही मोकळीक दिसण्यांत लहान आहे, पण ती सोडण्यापूर्वीं प्रत्येकानें दहा वेळां विचार करावा.