पहिलीतलं गप्प मूल

मेळघाटातल्या एका छोट्या शाळेत पहिलीचा वर्ग भरलाय असं समजा. बाई चित्रातल्या पाण्याकडे बोट करून विचारतात, "हे काय?" समोरची मुलगी चित्राकडे बघते, बाईंकडे बघते आणि फ्रॉकचं टोक दातात धरून गप्प राहते. उत्तर तिला येतं. पण तिच्या घरी पाण्याला 'डा' म्हणतात. तिची कोरकू ही मुंडा गटातली भाषा, संथाळीच्या नात्यातली. मराठीचं कूळच वेगळं. म्हणजे सहाव्या वर्षी ही पोर अक्षरं आणि नवी भाषा, दोन्ही एकदम शिकतेय. तिला 'मंद' म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

नव्या भाषेत मूल आधी ऐकतं, मग बोलतं. बाईंनी 'पाटी काढ' म्हटलं आणि तिनं दप्तरात हात घातला, ही प्रगतीच. पुढे सुटे शब्द येतात, मग "बाई, डा पाहिजे" असं मिसळलेलं वाक्य. ते वाक्य कृपा करून खोडू नका. फळ्यावर 'डा' आणि 'पाणी' शेजारी शेजारी लिहा.

मूल घरच्या भाषेतही फारसं बोलत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर मात्र थांबू नका. आधी कान तपासून घ्या. २०१३पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत अशी तपासणी मोफत होते.