अपंग स्त्री आणि गावचा कारभार

दसरा-दिवाळी सरली, की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर हलू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायची तर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेच पाहिजे. या व्यवहारात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेली फळी चढायची. जिला हे जमत नाही तिला अर्धा कोयता म्हणूनही कोणी धरीत नाही. मग पाय अधू असलेली, दृष्टी गेलेली, ऐकू न येणारी बाई बहुधा गावातच राहते. सोबतीला म्हातारी माणसे आणि शाळेपायी मागे ठेवलेली लेकरे.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, याचा गावच्या कारभाराशी संबंध काय? संबंध असा, की 26 जानेवारीची ग्रामसभा नेमकी याच दिवसांत येते. निम्मेअर्धे गाव फडावर असताना मागे उरलेल्यांत ही बाई असते. हापसा कधी बंद पडला, कोणाचे पोर शाळेला जाईनासे झाले, कोणत्या घरच्या म्हातारीचे औषध संपले, हे तिला ठाऊक असते. चार-पाच महिने गाव तिच्या डोळ्यांपुढे असते म्हणा, किंवा डोळे नसतील तर कानांपुढे. अन् सभेत मात्र ती दिसत नाही. सभा भरते देवळाच्या मंडपात, नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, दोन्हीकडे पायऱ्या. तिला उचलून नेण्याइतके सभेत तिचे काय काम, असे घरचेच म्हणतात.

कायदा तसे म्हणत नाही. गावच्या मतदारयादीत जिचे नाव आहे ती ग्रामसभेची सभासद आहे. 1993 सालापासून, म्हणजे घटनेची 73वी दुरुस्ती अमलात आल्यापासून, पंचायतीत एकतृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. महाराष्ट्राने 2011 साली त्या निम्म्या केल्या. राखीव जागेवर अपंग स्त्रीने उभे राहू नये असे कुठेही लिहिलेले नाही. 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने तर मतदानकेंद्रे अपंगांना पोहोचता येतील अशी करण्याची जबाबदारी निवडणूक आयोगांवर टाकली. तेव्हा अडते ते कायद्यात नाही.

अडते कुठे, ते आपल्या बोलण्यावरून ओळखावे. गावात अशा बाईला नावाने हाक मारणारे थोडे. लंगडी, आंधळी, मुकी, हीच तिची नावे. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातल्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गळाली, कारण ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ यापलीकडे स्वतःचे नाव त्यांनी सांगितले नव्हते. आज यादीत नाव असते, तोंडात नसते. आपली ती म्हण घ्या: आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. म्हण सांगणारा त्या आंधळ्याच्या भोळेपणाला हसतो. पण म्हणीतसुद्धा दळते आहे ते आंधळेच, हे कोणी बोलत नाही!

दुसरी अडचण अधिक खोल आहे. जागा स्त्रियांना राखीव झाली, की पुढारी मंडळी म्हणतात, ‘बाई उभी करा’. उभी केली जाते ती कोणाची तरी पत्नी, कोणाची तरी सून. निवडून आल्यावर कागदावर सही तिची आणि खुर्चीत बसतो नवरा. अपंग मुलीचे लग्न पुष्कळदा झालेलेच नसते, किंवा झालेले मोडलेले असते. तिच्यामागून कारभार हाकायला नवरा नाही, म्हणून ती कोणाच्या सोयीची नाही. मला विचाराल, तर हीच तिची जमेची बाजू आहे. ती माहेरीच राहिली. लहानपणापासून गाव तिला ओळखते, ती गावाला ओळखते. परगावाहून आलेल्या सुनेला जे समजायला दहा वर्षे लागतात ते तिला तोंडपाठ असते.

ही नुसती कल्पना नव्हे. नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात कविता भोंडवे यांचे उदाहरण आहे. कुबड्यांच्या आधाराने चालणाऱ्या या बाई 2011 साली, विशी-पंचविशीच्या वयात, सरपंच झाल्या आणि 2020 सालीही सरपंच होत्या. त्यांचे वडील पूर्वी ग्रामपंचायतीत सदस्य होते. म्हणजे पुढे जायला घरून बळ मिळावे लागतेच. पण पुढची नऊ वर्षे काही वडिलांच्या पुण्याईवर निघत नाहीत.

बाहेरच्या जगात काही ठिकाणी हे दैवावर सोडलेले नाही. आफ्रिकेतल्या युगांडा देशात 1997 च्या कायद्याने स्थानिक परिषदांत अपंगांचे दोन प्रतिनिधी ठेवले, आणि त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे असे म्हटले. आपल्याकडे तामिळनाडूने 2025 साली कायदा दुरुस्त करून ग्रामपंचायतींपासून वरपर्यंत अपंग सदस्य नेमण्याची सोय केली. आमच्याकडे अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग आणि स्त्रिया यांना ग्रामपंचायतीत राखीव जागा आहेत, अपंगांना नाही. नेमलेल्या सदस्याला निवडून आलेल्याचे वजन येत नाही, हे खरे. तरी सभेत एक खुर्ची तिच्या नावाची असणे ही लहान गोष्ट नव्हे.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. लहान गावाचे उत्पन्न ते किती, त्याचे 5 टक्के ते किती! पण ते कशावर खर्चावे हे ठरवताना जिच्यासाठी ते आहेत तीच हजर नसते. तिला एखादी वस्तू मिळते, छायाचित्र निघते, यादीत लाभार्थी म्हणून नाव चढते. तिला कदाचित वस्तूपेक्षा ग्रामपंचायतीच्या ओट्याला उतार हवा असेल. कोणी विचारले का?

2024 च्या लोकसभा निवडणुकीत 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरूनच मत देता आले. चांगली सोय आहे. खाटेला खिळलेल्या माणसाला ती हवीच. मात्र जिला कुबडी घेऊन केंद्रावर जाता येते तिने जावे असे मला वाटते. रांगेत ती दिसली, की उमेदवाराला तिच्याशी बोलावे लागते.

आणि ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची असते, हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ती वहीतच भरते. ती खरोखर भरवावी, पायऱ्या नसलेल्या जागी, झाडाखाली भरवली तरी चालेल. हिशेब मोठ्याने वाचावा, म्हणजे न दिसणारीला कळेल. फळ्यावरही लिहावा, म्हणजे न ऐकणारीला कळेल. आणि गाव ज्यांना अजून ग्रामसेवकच म्हणते त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आदल्या दिवशी एवढे विचारून ठेवावे, की जिच्या घरचे सगळे ऊसतोडीला गेले आहेत तिला उद्या सभेला घेऊन कोण येणार.