जुने विमान, नवी दृष्टी

उंच प्रदेशातील विरळ हवेत उडावे अशी जोरदार इंजिने लाभलेले आन्तोनोव्ह-३२ हे मालवाहू विमान १९८४ साली आपल्या हवाई दलात आले. लडाख-अरुणाचलातील ठाण्यांना त्याने वर्षानुवर्षे शिधा पोहोचविला. परंतु इंजिने दणकट असली, तरी वैमानिकासमोरील तबकड्या जुन्या पडत गेल्या. म्हणून २००९ साली शंभराहून अधिक विमानांच्या नूतनीकरणाचा करार युक्रेनशी झाला. उपग्रहाधारे स्थान दाखविणारी साधने, नवे रडार आणि डोंगर जवळ येताच सावध करणारे यंत्र त्यांत बसवावयाचे होते. काही विमाने कीव्हला गेली. बाकीच्यांचे काम कानपुरास योजले. पुढे २०१४ साली युक्रेनवर संकट कोसळले आणि सुटे भाग रखडले.

३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाकडे निघालेले असेच एक विमान अरुणाचलच्या डोंगरांत कोसळले. १३ जण दगावले. त्या अपघाताचा निवाडा येथे करावयाचा नाही. सांगावयाचे एवढेच की, निम्मा ताफा नवा व निम्मा जुना राहिला, तर वैमानिकाला आज एक फलक व उद्या दुसरा वाचावा लागतो. ढगांत शिरल्यावर हाताला सवयीचाच आधार असतो. म्हणून असे काम आरंभिण्याइतकेच वेळेवर तडीस नेणे अगत्याचे आहे.