दहा कसोट्यांचा गडी



शहागडचा गोदावरीवरील पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळा शर्यतीचे रौप्यपदक मिळविले. एका शर्यतीला सर्वस्व वाहून मिळविलेले हे यश. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत, ती स्पर्धा मात्र खेळाडूला विचारते, ‘एक उत्तम येते, ठीक, पण उरलेल्या नऊंचे काय?’

ही डेकॅथलॉन. तिचे मूळ ग्रीकांकडे जाते. इ. स. पूर्व ७०८ पासून ऑलिंपिया येथे धाव, लांब उडी, थाळीफेक, भालाफेक आणि कुस्ती अशी पंचक्रीडा होत असे. आधुनिक ऑलिंपिकमध्ये दहा प्रकारांची ही स्पर्धा १९१२ साली स्टॉकहोम येथे आली. अमेरिकेतील आदिवासी समाजाचा जिम थॉर्प ती जिंकला. पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला, या कारणाने १९१३ साली त्याचे पदक काढून घेण्यात आले. तो १९५३ साली वारला. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले ते २०२२ साली!

स्पर्धा दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी शंभर मीटर धाव, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी आणि चारशे मीटर. दुसऱ्या दिवशी एकशे दहा मीटर अडथळे, थाळीफेक, बांबूउडी, भालाफेक आणि शेवटी, पाय उचलत नसताना, पंधराशे मीटर. स्त्रियांसाठी सात प्रकारांची हेप्टॅथलॉन १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आपल्या स्वप्ना बर्मन हिने २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ६०२६ गुणांनी सुवर्णपदक मिळविले, तेही दाढदुखीने जबड्याला पट्टी लावून. तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे, त्यामुळे साधे बूट बोचत. पुरुषांत विजयसिंग चौहान यांनी १९७४ साली तेहरानला सुवर्ण, तर तेजस्विन शंकर यांनी २०२३ साली हांगझोऊ येथे ७६६६ गुणांनी रौप्य जिंकले.

खरी मौज आहे ती गुणांच्या हिशोबात. येथे शेजाऱ्याला मागे टाकल्याचे गुण नाहीत. वेळ आणि अंतर ठरीव कोष्टकावर मोजले जाते. शंभर मीटरला ११ सेकंद लागले तर ८६१ गुण. रक्ताचे पाणी करून १०.९ वर आलात, तर वाढले केवळ २२. पण दहा मीटर गोळा टाकणारा तोच गडी बारा मीटरवर गेला, तर सुमारे १२० गुणांची भर! म्हणजे जे येते ते घासण्यापेक्षा जे येत नाही ते शिकण्यात लाभ अधिक.

आमच्या शाळेत पळणाऱ्याला पळवीत आणि दांडग्याच्या हाती गोळा देत. आम्ही अंगाने बारीक. गोळा किती जड असतो, हे आम्हांला ठाऊकच झाले नाही. चूक कोणाच्या दुष्टपणाची नव्हती. दहाव्या वर्षीच मुलावर शिक्का मारण्याच्या सवयीची होती.

म्हणून आमची एकच विनंती. गावातील शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ, वाळूचा खड्डा, एक गोळा आणि भिंतीवर गुणांचे कोष्टक एवढे असू द्या. मुलाला आणि मुलीलाही वर्षातून एकदा सगळ्यांत उतरवा. नंबर कोणाचा आला, हे त्या दिवशी विचारू नका. गेल्या वर्षीपेक्षा किती गुण वाढले, एवढेच विचारा.