परका कोण, पाहुणा कोण?

(वडसा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



वडशाच्या स्थानकावर उतरलेल्या अनोळखी माणसाला आपल्या झाडीपट्टीत आधी नाव विचारत नाहीत, गाव विचारतात. "कोन्या गावचे जी, पावने?" ओळख पटण्यापूर्वीच तो 'पावना' झालेला असतो. मंडईच्या दिवसांत, रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या निमित्ताने, घरोघरी अशा पावन्यांची गर्दी असते. आज या शब्दाविषयी आणि त्याच्या सख्ख्या वैऱ्याविषयी, म्हणजे 'परका' या शब्दाविषयी, थोडे बोलायचे आहे.

संस्कृतातील 'प्राघुण', प्राकृतातील 'पाहुण' आणि आपला 'पाहुणा' अशी ही परंपरा आहे. फिरणे, भ्रमण करणे हा अर्थ तिच्या मुळाशी आहे. 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असे आपण शाळेत शिकलो. ती व्युत्पत्ती गोड आहे. परंतु यास्काचार्यांनी निरुक्तात 'अत्', म्हणजे जात राहणे, या धातूकडे बोट दाखवले आहे. दोन्ही शब्दांतला माणूस वाटेवरचा आहे. त्याची वाट आपल्या दारावरून जाते, एवढाच त्याचा आपला संबंध.

'परका' मात्र 'पर'पासून आला. पर म्हणजे पलीकडचा. गंमत अशी की याच 'पर'पासून 'परम' झाला आणि 'परब्रह्म'ही. पलीकडचा म्हणून तुच्छ, असे भाषेने मुळीच म्हटलेले नाही. ते आपण म्हणू लागलो. 'तिऱ्हाईत' हा शब्द पाहा. तो तीनशी नाते सांगतो. दोघांच्या भांडणातला तिसरा. निवाड्याला असा माणूस मुद्दाम शोधत, कारण तो कोणाचाच नसे.

शब्द बिघडतात कसे, हे लॅटिनमध्ये दिसते. तेथे 'होस्टिस' म्हणजे आधी परका होता, पुढे शत्रू झाला. इंग्रजीतला 'गेस्ट' त्याच कुळातला, तो मात्र पाहुणाच राहिला. आपणही फार फुशारकी मारू नये. ऋग्वेदातील 'अरि' हा मुळात परका, अभ्यागत असावा, असे पॉल टीमे या जर्मन संस्कृतज्ञाने १९३८ मध्ये मांडले. त्यावर वाद आहेत. पण नंतरच्या संस्कृतात त्या शब्दाला शत्रू हाच अर्थ उरला, हे तर आपण सारेच जाणतो.

ही केवळ कोशातली चर्चा नाही. फाळणीने घरदार हिरावलेले सिंधी बांधव या देसाईगंजात आले आणि येथली बाजारपेठ त्यांनी आपली मानली. शेजारच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी बांधवांची वसाहत आहे. पूर्व पाकिस्तानात हिंदू म्हणून जगणे अशक्य झालेली बंगाली कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. मुलचेरा, चामोर्शीकडच्या त्यांच्या वस्त्यांत आता तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. तरी आपल्या तोंडी शब्द कोणता? 'बंगाली कॅम्प'! कॅम्प म्हणजे तात्पुरता तळ. अर्धे शतक उलटले तरी तळ हलत नाही आणि शब्दही हलत नाही.

त्यात कागदाची भर. नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. तोच माणूस, तेच दैन्य. पण येथे शिकणारा त्याचा मुलगा जातीच्या दाखल्यावाचून अडतो. नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९ मध्ये झाला, नियम २०२४ च्या मार्चमध्ये आले. फाळणीच्या झळा सोसलेल्यांना देशाने आपले म्हटले, याचा मला आनंद आहे. पण देशाने म्हणणे वेगळे आणि गावाने म्हणणे वेगळे. गावाचा दाखला तहसिलीत मिळत नाही.

मागे येथल्याच आठवडी बाजारात एका वृद्ध बंगाली शेतकऱ्याशी बोलणे झाले. मी सवयीने विचारले, "कोण्या गावचे जी?" मनात होते की हा आता फरिदपूर म्हणेल, बारिसाल म्हणेल, आणि मग त्या हरवलेल्या गावाची कहाणी ऐकायला मिळेल. पत्रकाराला कहाणीची हाव असतेच. त्याने धानाचे पोते खाली ठेवले, माझ्याकडे जरा नवलाने पाहिले आणि म्हणाला, "मुलचेऱ्याचा जी. तुमी कोन्या गावचे?"